बॅक्युलात क्लायंटची ओळख पटत नसेल, तर नाव बदलण्याआधी एवढं तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बॅकअपचा जुना सर्व्हर काढून तुम्ही नव्या यंत्रावर डेबियन लिनक्स आणि बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं. कॅटलॉगचा, म्हणजे कुठला बॅकअप कुठे आहे याच्या नोंदींचा, डेटाबेस नव्यावर आणला, जॉब (बॅकअपची ठरलेली कामं) आणि क्लायंट (ज्यांचा बॅकअप घ्यायचा ती यंत्रं) जुन्या कॉन्फिगमधून उतरवून घेतले. पहिल्याच रात्री सातही क्लायंटचे जॉब फेल गेले. पाच यंत्रांवर जाऊन तुम्ही डायरेक्टरचं, म्हणजे सर्व्हरवरून सगळे जॉब चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव आणि पासवर्ड दुरुस्त केलेत, ती चालू झाली. सहाव्यावर तेच सगळं करूनही ‘फाइल डीमनकडे ओळख पटवता आली नाही’ हीच ओळ येते (फाइल डीमन म्हणजे क्लायंटवर चालणारा बॅक्युलाचा प्रोग्राम). सातव्या, म्हणजे हिशेबाच्या पीसीवर तुम्ही फाइल दुरुस्त केलीत, सर्व्हिस रीस्टार्ट केलीत आणि त्याच बैठकीत सर्व्हरवरचं क्लायंटचं नावही बदललंत. तो चालू झाला, पण त्याने पहिल्यापासून फुल बॅकअप घेतला आणि जुने बॅकअप त्याच्या नावावर दिसेनासे झाले. आता जुनं नाव ‘पर्ज’ करून साफसफाई करावी का, असं तुम्ही विचारता.

करू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण पर्जला आज हात लावू नका. नोंदी किती दिवस ठेवायच्या ही मुदत ती आज्ञा बघत नाही. क्लायंटच्या नावाने जॉब पर्ज केले की त्या नावाखालच्या सगळ्या जॉबच्या आणि फाइलींच्या नोंदी कॅटलॉगमधून जातात. डेटा व्हॉल्यूमवर, म्हणजे बॅकअप लिहिलेल्या टेपवर किंवा फाइलीत, पडून असतो, पण कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूमवर कुठे आहे हे सांगणारी वहीच गेलेली असते. एखाद्या व्हॉल्यूमवरचे सगळेच जॉब असे पुसले गेले, तर बॅक्युला तो व्हॉल्यूम पुन्हा वापरायला मोकळा समजतं आणि पुढच्या कुठल्यातरी रात्री त्यावर नवं लिहून टाकतं. तोपर्यंत लक्षात आलं तर बीस्कॅन या बॅक्युलाच्याच साधनाने व्हॉल्यूम वाचून नोंदी परत उभ्या करता येतात. तासन्‌तास जातात, पण होतं. वर लिहिलं गेल्यावर काहीच करता येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बॅक्युलात ‘ओळख’ दोन ठिकाणी असते, आणि तुमचा गोंधळ या दोन ओळखी एक समजल्यामुळे झाला आहे. एक दारावरची ओळख: डायरेक्टर क्लायंटच्या दारात गेल्यावर त्याला आत घ्यायचं की नाही, हे ठरवणारी. दुसरी वहीतली ओळख: कॅटलॉगमध्ये कुणाचा इतिहास कुठल्या नावाखाली लिहिला आहे ती. तुमचं दार अडलं होतं आणि तुम्ही वहीतलं नाव खोडलंत. हे करणारे तुम्ही पहिले नाही. एररची ती ओळ वाचून कुणालाही असंच वाटतं की सर्व्हर क्लायंटला ओळखत नाहीये.

खरा प्रकार उलटा असतो. डायरेक्टर क्लायंटच्या ९१०२ या पोर्टवर जातो आणि स्वतःचं नाव सांगतो: मी अमुक डायरेक्टर बोलतोय. क्लायंटवरचा फाइल डीमन आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या नावाचा ‘डायरेक्टर’ विभाग शोधतो. विभाग सापडला तर त्यात लिहिलेल्या पासवर्डवरून दोघं एकमेकांची परीक्षा घेतात. पासवर्ड तारेवरून जातच नाही. एक बाजू कोडं घालते, दुसरी ते पासवर्डच्या आधाराने सोडवून दाखवते, मग उलट. या साऱ्यात डायरेक्टरच्या फाइलमधलं ‘क्लायंट’ विभागाचं नाव कुठेही येत नाही. पासवर्डवर चालणाऱ्या साध्या जोडणीत ते नाव क्लायंटच्या फाइलीतल्या नावाशी जुळलं नाही तरी दार उघडतं. म्हणजे हिशेबाचा पीसी चालू झाला तो तुम्ही तिथल्या फाइलीत डायरेक्टरचं नाव दुरुस्त केलंत आणि सर्व्हिस रीस्टार्ट केलीत म्हणून. सर्व्हरवर क्लायंटचं नाव बदलण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

सातही एकदम का पडले, याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. डेबियनचं पॅकेज बसवताना डायरेक्टरचं नाव यंत्राच्या होस्टनेमवरून ठरतं आणि त्याला शेवटी ‘डीर’ लागतं. नव्या यंत्राला तुम्ही नवं होस्टनेम दिलंत, त्यामुळे डायरेक्टरही नव्या नावाने दारात उभा राहिला. सातही क्लायंट जुन्या नावाची वाट बघत होते. नव्या सर्व्हरच्या बॅक्युला-डीर.कॉन्फमध्ये डायरेक्टरचं जुनं नाव लिहिलं असतं, कन्सोल (आज्ञा द्यायची खिडकी) आणि स्टोरेज डीमन (व्हॉल्यूमवर लिहिणारा प्रोग्राम) यांच्या फाइलींत तेच ठेवलं असतं आणि क्लायंटचे जुने पासवर्ड जसेच्या तसे आणले असते, तर एकाही क्लायंटला हात लावावा लागला नसता. डायरेक्टरचं नाव आणि यंत्राचं होस्टनेम जुळलंच पाहिजे असा काही नियम नाही. आता पाच यंत्रं नव्या नावावर गेलीत, तेव्हा मागे फिरू नका. पुढच्या वेळेसाठी मात्र लक्षात ठेवा: फाइल डीमनच्या कॉन्फिगमध्ये एकापेक्षा जास्त ‘डायरेक्टर’ विभाग चालतात. स्थलांतराच्या आठवडाभर आधीच प्रत्येक क्लायंटवर नव्या डायरेक्टरचा विभाग जुन्याच्या शेजारी घालून ठेवला, की दोन्ही सर्व्हर काही दिवस बरोबरीने चालवता येतात आणि कुठलीही रात्र कोरी जात नाही.

सहाव्या यंत्राकडे येऊ. डायरेक्टरकडे जी एररची ओळ येते, ती मुद्दाम मोघम असते. पासवर्ड किंवा नाव जुळत नसेल, एकाच वेळी चालायच्या जॉबची मर्यादा ओलांडली असेल, किंवा डीमनच्या नेटवर्कमध्ये काही अडलं असेल, असं सगळं ती एकाच वाक्यात सांगते. या ओळीवरून अंदाज बांधत बसू नका, क्लायंटच्या बाजूने बघा. त्या यंत्रावर फाइल डीमनची सर्व्हिस थांबवा आणि तोच प्रोग्राम टर्मिनलमध्ये समोर चालवा: लहान अक्षरातला एफ हा पर्याय, आणि डी हा पर्याय १०० आकड्यासह. मग सर्व्हरच्या कन्सोलवरून ‘स्टेटस क्लायंट’ देऊन त्या यंत्राला हाक मारा. क्लायंटच्या पडद्यावर काय उमटतं ते वाचा.

‘अनोळखी डायरेक्टरकडून आलेली जोडणी नाकारली’ अशा अर्थाची ओळ आली, तर नाव चुकलं आहे, आणि आलेलं नाव त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ते अक्षर न अक्षर आपल्या फाइलीतल्या नावाशी लावून बघा. डेबियनच्या मूळ फाइलीत ‘डायरेक्टर’ विभाग दोन असतात हेही बघा. एक खरा, आणि दुसरा शेवटी ‘मॉन’ असलेला, ज्यात मॉनिटरची ओळ ‘यस’ असते. तो फक्त स्थिती बघण्यापुरता आहे. घाईत त्या दुसऱ्यात दुरुस्ती करून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. पासवर्ड चुकल्याची ओळ आली, तर नाव बरोबर आहे, आता फक्त पासवर्ड बघायचा. आणि काहीच उमटलं नाही, पडदा कोराच राहिला आणि तिकडे डायरेक्टर मात्र ‘ओळख पटली नाही’ म्हणतोय, तर थबका. मग नाकारतंय कोण? तुमच्या समोरचं यंत्र नव्हे. त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलं आहे. याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

तुमच्या सहाव्या यंत्राचं कारण मला बहुधा दिसलं आहे. तुम्ही पाठवलेल्या फाइलीच्या तुकड्यात पासवर्डला अवतरणचिन्हं नाहीत, आणि पासवर्डच्या मध्ये हॅशचं (#) चिन्ह आहे. बॅक्युलाच्या कॉन्फिगमध्ये अवतरणाबाहेर हॅश आला की तिथून ओळीच्या शेवटापर्यंत सगळी टिप्पणी समजली जाते. म्हणजे त्या क्लायंटच्या लेखी पासवर्ड हॅशच्या आधीच संपतो. सर्व्हरवर तुम्ही तोच पासवर्ड अवतरणात लिहिला आहे, तिथे तो पूर्ण आहे. डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसतं. फाइल डीमनला टी हा तपासणीचा पर्याय देऊन फाइल तपासली तरी ती निर्दोष ठरते, कारण वाक्यरचना खरंच निर्दोष आहे. तो पर्याय एकच फाइल बघतो, दोन फाइलींतला पासवर्ड जुळतो का हे त्याला कळायचा मार्ग नाही. अर्धविराम आणि बरोबरचं चिन्ह यांचीही अवतरणाबाहेर अशीच अडचण होते. म्हणून पासवर्ड कायम दुहेरी अवतरणात लिहा आणि हाताने रचू नका. ओपनएसएसएल या साधनाने ३३ यादृच्छिक बाइट बेस६४ या अक्षररूपात काढले, तर नेमकी ४४ अक्षरं मिळतात आणि शेवटी बरोबरचं चिन्हही लागत नाही.

आणि रीस्टार्ट. डायरेक्टरच्या फाइलीत बदल केला तर कन्सोलवर ‘रीलोड’ पुरतं. फाइल डीमन आणि स्टोरेज डीमनला ती सोय नाही, त्यांची सर्व्हिस पुन्हा सुरू करावीच लागते. फाइल दुरुस्त करून सर्व्हिस तशीच चालू ठेवणं आणि मग अर्धा दिवस पासवर्ड ताडून बघणं, हे नवख्यांचंच नव्हे, थकलेल्या जाणत्यांचंही होतं. फक्त स्टोरेज डीमन रीस्टार्ट करण्याआधी कुठला जॉब चालू नाही ना ते बघा, नाहीतर तो मध्येच मरेल.

काही चुका ओळख न पटल्याच्या वाटतात, पण तशा नसतात. ‘जोडणी नाकारली’ एवढंच आलं तर गोष्ट ओळखीपर्यंत पोहोचलेलीच नाही. पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. डेबियनमध्ये फाइल डीमन मुळात १२७.०.०.१ या पत्त्यावरच ऐकतो, ती ओळ बदलल्याशिवाय बाहेरच्याला तो सापडत नाही. क्लायंट भेटला, जॉब सुरू झाला, आणि मग ‘क्लायंट स्टोरेजशी जोडला जाण्याची वाट बघतोय’ इथे तासभर अडकला, तर डायरेक्टरच्या फाइलीतल्या ‘स्टोरेज’ विभागाचा पत्ता बघा. तिथे लोकलहोस्ट लिहिलेलं असतं. डायरेक्टर तो शब्द जसाच्या तसा क्लायंटच्या हाती देतो. क्लायंटसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः, आणि मग तो स्वतःच्याच ९१०३ पोर्टवर स्टोरेज शोधत बसतो. तिथे सगळ्यांना दिसेल असा पत्ता किंवा पूर्ण नाव लिहा. क्लायंटला स्टोरेजसाठी वेगळा पासवर्ड लागत नाही, जॉबपुरती किल्ली डायरेक्टरच देतो, त्यामुळे क्लायंटच्या फाइलीत तो शोधू नका. टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी पद्धत) वापरत असाल तर प्रमाणपत्रातलं नाव आणि ‘अ‍ॅड्रेस’मधलं नाव जुळतं का आणि मुदत संपली नाही ना, हे बघा. आवृत्त्यांचा नियमही लक्षात असू द्या: डायरेक्टर आणि स्टोरेज डीमन एकाच आवृत्तीचे हवेत, क्लायंट जुना चालतो, सर्व्हरपेक्षा नवा नको.

आता हिशेबाचा पीसी, म्हणजे वहीतली ओळख. इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप) घ्यायच्या आधी बॅक्युला कॅटलॉगमध्ये आधीचा यशस्वी फुल (सगळ्या फाइलींचा बॅकअप) शोधतं. हा शोध तीन गोष्टींवर चालतो: जॉबचं नाव, क्लायंट आणि फाइलसेट (कुठल्या फाइली घ्यायच्या त्याची यादी). तिन्ही जुळले तरच तो फुल ‘याचा’ समजला जातो. तुम्ही क्लायंटला नवं नाव दिलंत, कॅटलॉगमध्ये त्या नावाची नवी नोंद झाली, नवा क्रमांक मिळाला, आणि त्या क्रमांकाखाली आधीचा एकही फुल नव्हता. म्हणून त्याने सांगून टाकलं की आधीचा फुल सापडत नाही, आता फुल घेतो. जुने बॅकअप हरवलेले नाहीत. ते जुन्या नावाच्या क्रमांकाखाली शाबूत आहेत.

उपाय सोपा आहे. डायरेक्टरच्या फाइलीत क्लायंटचं जुनं नाव परत आणा, अक्षरशः जसं होतं तसं, आणि ‘अ‍ॅड्रेस’मध्ये यंत्राचा आजचा पत्ता ठेवा. नाव ही वहीतली खूण आहे आणि अ‍ॅड्रेस हा रस्ता. यंत्र बदललं, होस्टनेम बदललं, कार्यालय बदललं, तरी बदलायचा तो अ‍ॅड्रेस. जॉबचंही नाव जुनंच आहे ना ते बघा. फाइलसेट तुम्ही हाताने पुन्हा टंकला असेल तर त्यावरही नजर टाका, कारण फाइलसेटमधल्या याद्यांवरून बॅक्युला एक ठसा काढतं आणि यादीत बदल झाला की त्याला नवा फाइलसेट धरून पुन्हा फुल घेतं. हे सगळं जागेवर आलं की पुढचा इन्क्रिमेंटल जुन्या साखळीला जाऊन मिळेल, आणि जुन्या नावाखालच्या शेवटच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइली त्यात येतील. मधल्या दिवसांचं काही सुटणार नाही. नव्या नावाचा क्लायंट विभागही लगेच काढू नका. त्याखालचा एक फुल तुमच्याकडे आहे, मुदत संपेपर्यंत त्याला राहू द्या. मुदती तुम्ही स्वतः ठरवल्या नसतील तर फाइलींच्या नोंदी ६० दिवस आणि जॉबच्या १८० दिवस राहतात, आणि त्यानंतरची छाटणी बॅक्युला स्वतःहून करतं. हिशेबाच्या यंत्रासाठी ६० दिवस मला फार कमी वाटतात. मार्च अखेरची चूक ऑडिटला सापडते तेव्हा जून-जुलै उजाडलेला असतो.

थेट डेटाबेसमध्ये जाऊन क्लायंटच्या तक्त्यातलं नाव बदलण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. नव्या नावाची नोंद अजून झालेली नसेल तर ते चालतं. तुमच्याकडे दोन्ही नावांच्या नोंदी आहेत, आणि त्या तक्त्यात एक नाव दोनदा येऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत ती वाट नकोच.

आता जे खाली लिहितो म्हटलं होतं ते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्याच्या बॅकअपची जबाबदारी माझ्याकडे होती. तिथले सगळे पीसी एकाच तयार प्रतिमेवरून (डिस्कच्या नकलेवरून) बसवलेले होते आणि फाइल डीमनची फाइल त्या प्रतिमेतच होती. म्हणजे सगळ्यांचा पासवर्ड एक. डायरेक्टरमध्ये मी अ‍ॅड्रेस म्हणून आयपी लिहिले होते आणि आयपी वाटायचं काम राउटरचं होतं. दिवाळीच्या सुटीत सगळं बंद राहिलं. परत आल्यावर यंत्रं ज्या क्रमाने सुरू झाली त्या क्रमाने पत्ते वाटले गेले. स्टोअरच्या पीसीचा पत्ता डिस्पॅचच्या पीसीला गेला. डायरेक्टरने दार ठोठावलं, नाव जुळलं, पासवर्ड जुळला, बॅकअप झाला आणि अहवालात ‘ओके’ आलं. रोज ओके येत राहिलं. दोन महिन्यांनी स्टोअरकीपरने एक फाइल मागितली. स्टोअरच्या नावाखाली दिवाळीनंतर जे होतं ते सगळं डिस्पॅचचं होतं. त्या माणसाने माल आणि नोंदवह्या ताडत पुन्हा ती यादी उभी केली. तो आठवडा मी विसरलो नाही.

म्हणून तुमचे सात क्लायंट अडले ही मला चांगली खूण वाटते. त्यांचं दार बंद होतं आणि ते तुम्हाला कळलं. प्रत्येक क्लायंटचा पासवर्ड वेगळा असेल, तर पत्ता चुकीच्या यंत्राला गेल्यावर त्या रात्री अशीच ओळखीची चूक येते आणि सकाळी तुमच्या हातात येते. माझ्याकडे त्या वेळी ती चूक यायला हवी होती. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हीही पाच यंत्रांवर तोच पासवर्ड टाकला आहे. तो वेगवेगळा करा. वेळ लागेल, पण करा.

त्यासोबत आणखी काही. राउटरवर प्रत्येक क्लायंटचा पत्ता त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसशी बांधून ठेवा. फाइल डीमनच्या स्वतःच्या फाइलीत त्याचं नाव खरं आणि वेगळं लिहा. दारावर ते कुणी विचारत नाही हे वर सांगितलं, पण ‘स्टेटस क्लायंट’ दिलं की उत्तराच्या पहिल्याच ओळीत क्लायंट स्वतःचं तेच नाव आणि आवृत्ती सांगतो. सर्व्हरवर तुम्ही हाक मारलीत हिशेबाला आणि उत्तर आलं डिस्पॅचकडून, तर तिथेच कळतं. हे रोज कुणी बघत नाही, म्हणून मी आता जॉबमध्ये ‘क्लायंट रन बिफोर जॉब’ या ओळीत एक दोन ओळींची स्क्रिप्ट लावतो. सर्व्हर तिला अपेक्षित होस्टनेम देतो, ती क्लायंटवर चालते, जुळलं नाही तर शून्याऐवजी दुसरा आकडा परत करते आणि जॉब तिथेच फेल होतो. ‘अ‍ॅक्युरेट’ चालू असेल तर आणखी एक इशारा मिळतो. बॅक्युला आधीच्या फाइलींची यादी क्लायंटला पाठवून ताडून घेतं, आणि यंत्र दुसरंच निघालं तर त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल अचानक प्रचंड फुगतो. माझ्या कारखान्यात ते बंद होतं, म्हणून आकड्यांवरूनही काही दिसलं नाही.

आजच्या रात्रीपुरतं: आधी कॅटलॉगची एक प्रत काढून सर्व्हरबाहेर ठेवा. हिशेबाच्या क्लायंटचं जुनं नाव परत आणा, रीलोड करा, आणि जुन्या नावाखालून एखादी लहान फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत काढून उघडून बघा. ती उघडली की मगच इन्क्रिमेंटल सोडा. सहाव्यावर पासवर्ड अवतरणात घाला, सर्व्हिस रीस्टार्ट करा. तरी अडला तर वर सांगितल्याप्रमाणे समोर चालवून पडद्यावरच्या ओळी, त्या यंत्राचा आयपी आणि बाकी क्लायंटच्या स्टेटसमधली पहिली ओळ मला पाठवा. पासवर्ड मात्र पुसून पाठवा. या वेळी तुमच्या तुकड्यात तो दिसत होता, तेव्हा अवतरणात घालताना जुना न घालता नवाच घाला.